नोकरीनंतर ट्रायथलॉन कोच व्हायचंय? साताऱ्यातून सुरुवात अशी करा

मला महिन्यातून एक-दोनदा तरी ठरावीक फोन येतो. पलीकडे चाळिशी ओलांडलेला माणूस असतो. बँकेत, शाळेत नाहीतर एमआयडीसीत वीसेक वर्षं काढलेली, दोन-तीन हाफ मॅरेथॉन झालेल्या, एखादी ट्रायथलॉनही. "सर, आता हेच काम करावंसं वाटतंय. जमेल का?" जमतं. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकोणीस गाळप हंगाम काढले आणि मग या कामाला लागलो. फोनवर दहा मिनिटांत जे सांगता येत नाही, ते इथे सविस्तर लिहितो.

नोकरी एवढ्यात सोडू नका

पहिलं वर्ष नोकरीत राहूनच काढायचं. त्या वर्षात स्वतः पोहणं, सायकल आणि धावणं हे तिन्ही खेळ अंगावर घ्या. ट्रायथलॉनची अंतरं अशी: स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक अंतर त्याच्या बरोबर दुप्पट, १.५, ४० आणि १०. हाफ किंवा ७०.३ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. फुल म्हणजे ३.८, १८० आणि ४२.२. कोच होण्यासाठी फुल केलेली असायलाच हवी असं मला वाटत नाही. पण एक ऑलिम्पिक आणि एक हाफ केलेली असावी. पाण्यातून बाहेर आल्यावर सायकलचं हेल्मेट लावताना बोटं कशी थरथरतात आणि ९० किलोमीटरनंतर उतरल्यावर पाय कसे लाकडासारखे होतात, हे वाचून कळत नाही.

याच वर्षात दोन-तीन स्पर्धांत स्वयंसेवक म्हणून उभे राहा. आपल्याकडे सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि तोच उतरून परत यायचं. तिथे परतीच्या उतारावरच्या पाण्याच्या टेबलापाशी तीन तास उभं राहिलात तर पुस्तकाच्या शंभर पानांइतकं शिकाल. चढावर दम लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मांड्या खऱ्या जातात त्या उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आवर घालत असतो, आणि सराव नसेल तर तोच सगळ्यात जास्त दुखावतो. चढावर पुढे असलेले कितीतरी जण तिथे टाच आपटत, मागे झुकून, ब्रेक लावत उतरताना दिसतील. त्यांची पावलं बघा. दुसऱ्याचं शरीर बघायची सवय इथूनच लागते.

शिक्षण कुठून घ्यायचं

आपल्या देशात हा खेळ भारतीय ट्रायथलॉन महासंघाच्या अखत्यारीत येतो आणि जागतिक संघटना म्हणजे वर्ल्ड ट्रायथलॉन. त्यांचे कोचसाठी टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम आहेत. पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम राष्ट्रीय महासंघामार्फत होतो, त्यावर लक्ष ठेवा. लांब अंतराच्या ट्रायथलॉन स्पर्धा भरवणाऱ्या आयर्नमॅन कंपनीचाही ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. नोकरी सांभाळून तो पूर्ण होतो. तो हौशी, नोकरदार खेळाडूंना डोळ्यांपुढे ठेवून केलेला असल्याने सुरुवातीला उपयोगी पडतो. पटियालाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. शाळा-महाविद्यालयांत किंवा सरकारी व्यवस्थेत काम करायचं असेल तर त्या कागदाला वजन आहे.

पण सगळ्यात आधी प्रथमोपचार आणि सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याला छाती दाबून आणि श्वास देऊन वाचवणं, शिका. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचे वर्ग असतात. पाण्यातल्या बचावासाठी पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी आहे. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती साधारण पाच सेंटिमीटर खाली, तीस दाबांमागे दोन श्वास, हे हाताला बसलेलं असल्याशिवाय कुणालाही पाण्यात उतरवू नका. माझ्या दृष्टीने ही पहिली अट आहे आणि बाकीची प्रमाणपत्रं त्यानंतरची.

पहिले तीन खेळाडू

बोर्ड लावू नका, छापील कार्ड काढू नका. ओळखीतले तीनच जण घ्या आणि त्यांना वर्षभर सांभाळा. तिघं एकसारखे नकोत. एक अगदी नवशिका, एक थोडा अनुभवी, आणि एक असा की ज्याची दिनचर्या तुमच्यापेक्षा पूर्ण वेगळी आहे. फी नाममात्र घ्या, पण घ्याच. फुकट दिलेला प्लॅन कुणी पाळत नाही.

माझा पहिला खेळाडू कोरेगाव तालुक्यातला एक शिक्षक होता, वय ४१. मी त्याला माझाच प्लॅन दिला. मला तो लागू पडला होता, त्यामुळे त्यालाही पडणार, असं धरूनच चाललो. आठवड्यात पाच दिवस धावणं. पाचव्या आठवड्यात तो म्हणाला, "सर, नळीपाशी एकाच जागी लय दुखतंय." मी म्हणालो, होतं सुरुवातीला. सातव्या आठवड्यात त्याला नीट चालता येईना. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला बारीक भेग निघाली. दोन महिने धावणं बंद. घरी सात महिन्यांचं बाळ, रात्रीची झोप जेमतेम पाच तास, दिवसभर वर्गात उभं राहणं. यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. त्याने मला दोष दिला नाही, पण दोष माझाच होता.

म्हणून आता पहिली भेट दीड तासाची असते आणि त्यात धावणं-पोहणं नसतं. समोरच्याच्या आठवड्याचे १६८ तास आम्ही वहीत मांडतो. शिफ्ट कोणती, प्रवास किती, स्वयंपाक कोण करतं, आई-वडील आजारी आहेत का, मुलांच्या परीक्षा कधी, शेतीची कामं कोणत्या महिन्यात. उरलेले तास आठ निघाले तर प्लॅन सहा तासांचा करायचा. मग तब्येत. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, घरात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू, रक्तदाब, साखर, चालू औषधं. चाळिशीपुढच्या आणि यातल्या एकाही प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या माणसाला डॉक्टरांची तपासणी झाल्याशिवाय जोराचा व्यायाम द्यायचा नाही. बायकांना पाळीबद्दल नीट, संकोच न ठेवता विचारा किंवा लिहून द्यायला सांगा. व्यायाम वाढला आणि पाळी थांबली तर ती फिटनेसची खूण नव्हे. खाणं कमी पडतंय आणि हाडं धोक्यात आहेत, असा त्याचा अर्थ असू शकतो. आणि एकाच हाडावर, एकाच बिंदूला, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं असेल तर धावणं त्याच दिवशी बंद.

तुम्ही वीस वर्षं नोकरी केली आहे, संसार केला आहे. समोरचा "साहेबांनी थांबवून घेतलं, सेशन राहिलं" म्हणतो तेव्हा त्यात किती तथ्य आहे ते तुम्हाला कळतं. बावीस वर्षांच्या, उत्तम खेळाडू असलेल्या कोचला ते कळायला वेळ लागतो. हे भांडवल छोटं समजू नका.

मोजमाप

लॅबमध्ये आम्ही उसाच्या रसाचं ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (साखरेचं प्रमाण) तासातासाला नोंदवायचो. एका नमुन्यावरून कुणी निर्णय घेत नसे, दिवसभराच्या नोंदींचा कल बघायचा. खेळाडूचंही तसंच ठेवा. सकाळी उठल्यावरची नाडी, झोपेचे तास, मूड, कुठे दुखतंय, या चार गोष्टी रोज. घड्याळ किती महागडं आहे याने फारसा फरक पडत नाही.

कमाल हृदयगतीसाठी लोक २२० वजा वय करतात. त्यापेक्षा २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करणं जरा बरं. ४५ वर्षांच्या माणसाची ती साधारण १७६ येते. पण दोन्ही अंदाजच आहेत आणि माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज निघतो. म्हणून मी आधी बोलण्याची कसोटी लावतो. सलग वाक्यं बोलता येतात तोवर सोपा वेग, तुटक शब्द यायला लागले की कठीण. अजिंक्यताऱ्याच्या चढावर दोघांनी गप्पा मारत चढायचं. गप्पा बंद पडल्या की चालायचं.

पोहण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. एकदा ४०० मीटर पूर्ण ताकदीने, मग भरपूर विश्रांती घेऊन २०० मीटर. समजा ४०० ला १० मिनिटं लागली आणि २०० ला ४ मिनिटं ४० सेकंद. फरक २०० मीटर आणि ३२० सेकंद, म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं ४० सेकंद. हा त्याचा टिकणारा वेग. आता हा आकडा स्पर्धेला लावून बघा. आयर्नमॅन ७०.३ मध्ये १.९ किलोमीटर पोहायला १ तास १० मिनिटं मिळतात, म्हणजे १०० मीटरला साधारण ३ मिनिटं ४१ सेकंद. २:४० वाला निश्चिंत. पण पोहण्याच्या तलावात १०० मीटरला ३:३० लागणाऱ्याला समुद्रात लाटा आणि वाकडीतिकडी रेघ धरली तर वेळ पुरणार नाही. गोव्यात २०१९ साली सुरू झालेली ७०.३ समुद्रात असते. तिथलं पाणी उबदार, त्यामुळे तरंगायला मदत करणारा वेटसूटही घालता येत नाही. अशा माणसाला "होईल हो" म्हणून नाव नोंदवायला लावणं अन्याय आहे. पुढच्या वर्षी जा म्हणायचं. आणि हो, चाचणी घेण्याआधी तलावाची लांबी स्वतः टेपने मोजा.

प्लॅन

यावर लोक सर्वात जास्त विचारतात, पण गाभा लहान आहे. आठवड्यातला बहुतेक वेळ सोप्या वेगात, कठीण सेशन दोनच, तीन आठवडे हळूहळू वाढ आणि चौथा हलका. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच वीस मिनिटं धावणं, ज्याला आपण ब्रिक म्हणतो. स्पर्धेआधी दोन आठवडे भार कमी, पण वेगाची छोटी आठवण चालू. स्पर्धा झाली की महिनाभर मोकळं सोडा. गाळप संपल्यावर कारखाना बॉयलर उघडतो, मिलचे रोल काढून तपासतो, त्याशिवाय पुढचा हंगाम धरत नाही. माणसाला मात्र आपण बारा महिने गाळपाला लावतो.

पाणी

साताऱ्याकडच्या कोचला इथे वेगळं डोकं लावावं लागतं. आपल्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. खेड्यातला माणूस विहिरीत पोहायला शिकलेला असतो, पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून. त्याला खोलीची भीती नसते, पण त्याचं डोकं कायम पाण्याबाहेर, मान ताठ आणि पाय खाली बुडालेले. दोनशे मीटरला तो दमतो आणि त्याला कारण कळत नाही. शहरातला माणूस क्लासमध्ये शिकलेला, त्याचा स्ट्रोक देखणा असतो, पण पायाखालची फरशी दिसेनाशी झाली की श्वास अडकतो. पहिल्याला तोंड पाण्यात घालून श्वास बाहेर सोडायला शिकवायचं. त्यासाठी आठवडे लागू देत. दुसऱ्याला खोल भागात नुसतं उताणं तरंगायला शिकवायचं. दोघांना एकाच बॅचमध्ये एकच ड्रिल दिलं तर दोघांचंही नुकसान.

ओपन वॉटरचा, म्हणजे जलाशय-समुद्रासारख्या मोकळ्या पाण्यातला, सराव हवाच. मात्र कास तलावात कुणाला उतरवू नका, ते साताऱ्याचं पिण्याचं पाणी आहे. कण्हेर, उरमोडी, धोम अशा धरणांच्या जलाशयात उतरायचं तर आधी पाटबंधारे विभागाची परवानगी. भिंतीच्या आणि दरवाजांच्या जवळपासही नाही, पावसाळ्यात तर अजिबात नाही. प्रत्येकाच्या कमरेला रंगीत फुगा, डोक्यावर भडक टोपी, काठावर मोजणारा एक माणूस, पाण्यात होडी नाहीतर ट्यूब घेऊन दुसरा. चारपेक्षा जास्त जण एका वेळी नाहीत. एवढी माणसं जमली नाहीत तर त्या दिवशी घरी जायचं. मी दोनदा सगळ्यांना परत पाठवलं आहे. लोक नाराज झाले. तरीही पुन्हा तसंच करेन.

रस्ते

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऊस वाहतूक असते. पहाटे बिनदिव्याच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. त्या महिन्यांत उजाडल्याशिवाय सायकल बाहेर काढायची नाही. ट्रॉलीमागे वारा अडवायला तर कधीच नाही, कारण वरून ऊस पडतो. फुलांच्या हंगामात, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, शनिवार-रविवारी कासचा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो, घाट सरावासाठी तेव्हा मधला वार धरा. भर पावसात यवतेश्वरवर धुकं आणि शेवाळ, उतार घातक. पण आपल्या जिल्ह्याची एक सोय आहे. पश्चिमेला पाऊस कोसळत असताना माण-खटाव पर्जन्यछायेत कोरडे असतात. जुलैत लाँग राइड करायची तर गाडीत सायकली टाकून पुसेगाव गाठा आणि दहिवडीकडे जा.

तो रस्ता मला आणखी एका कारणाने आवडतो. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती दहावी आली, त्याआधीच्या पात्रता फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून. त्या भागातल्या शाळांमध्ये आजही विलक्षण पळणारी मुलं दिसतात. अशा मुलामुलीला घेऊन लगेच ट्रायथलॉनमध्ये टाकू नका. चांगल्या अ‍ॅथलेटिक्स कोचकडे पोचवा. सायकलचा खर्च त्या घराला झेपत नाही, आणि तुमचं शिक्षण मोठ्यांना शिकवण्याचं झालेलं असतं.

अठरा वर्षांखालील कुणी आलंच तर पालकांची लेखी संमती, सरावाला पालक हजर, आणि २०१२ चा पॉक्सो कायदा स्वतः वाचलेला. कुणाचाही, कोणत्याही वयाच्या खेळाडूचा हात-खांदा धरून स्ट्रोक दुरुस्त करण्याआधी विचारायचं. बायकांना अंधारात एकटं धावायला लावणारा प्लॅन लिहायचा नाही. तलावावरच्या महिला बॅचची वेळ बघून त्यांचा आठवडा आखायचा.

खाणं

इथे माझी जुनी नोकरी थेट कामाला आली. लांबच्या स्पर्धेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. पोटाला सवय लावली तर काही जण ९० पर्यंत जातात, कारण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आतड्यातून वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात. आपली साधी साखर म्हणजे या दोघांचीच निम्मीनिम्मी जोडी. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू, झालं पेय. त्याबरोबर एक केळं, म्हणजे आणखी पंचवीसेक ग्रॅम. राजगिऱ्याची वडी, गुळाचा खडा, मऊ दशमी, जे सायकलवर चावता येतं आणि पचतं ते चालतं. महागडी जेल पाकिटं वाईट नाहीत, पण ती स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा तोंडात घालू द्यायची नाहीत. नुसतं पाणी ढसाढसा पिणंही धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम उतरून माणूस भ्रमिष्टासारखा वागायला लागतो. आणि 'ताकदीची पावडर', 'आयुर्वेदिक बूस्टर' असं काही खेळाडू घेत असेल तर डबा मागवून बघा. घटक स्पष्ट नसतील तर बंद.

स्पर्धेचा आठवडा

नवीन काहीही नको, एवढं सांगून भागत नाही, ट्रान्झिशनची, म्हणजे एका खेळातून दुसऱ्यात जाण्याची, रंगीत तालीम घ्या. शाहू स्टेडियमच्या बाहेर चटई टाकून आम्ही करतो. गॉगल काढ, हेल्मेट घाल, पट्टा लाव, मगच सायकलला हात. पट्टा लावण्याआधी सायकल उचलली तर पंच शिक्षा करतात. परत येताना आधी सायकल जागेवर, मग पट्टा सोडायचा. दहा वेळा केलं की डोकं बधिर झालं तरी हात करतात.

पैसे

२० खेळाडू आणि महिन्याला प्रत्येकी दोन हजार म्हटलं तर चाळीस हजार दिसतात. पण प्रत्येकाचा डेटा बघणं, फोन, प्लॅन बदलणं यात आठवड्याला दीड तास जातो, म्हणजे तीस तास फक्त टेबलावर. त्याशिवाय पहाटेचे सराव आणि रविवार. परीक्षा, लग्नसराई, पावसाळा यात निम्मे लोक गळतात. म्हणून आठ-दहा खेळाडू वर्षभर टिकले आणि घरखर्चाचे वर्षभराचे पैसे बाजूला असले, तेव्हाच राजीनामा. घरच्यांना हिशेब कागदावर दाखवा, नुसतं बोलून नको. उद्यम नोंदणी मोफत आहे, करून टाका. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे जाईपर्यंत जीएसटी नोंदणीची सहसा गरज पडत नाही, तरी एकदा सीएला विचारा. फी किती, सुट्टी कशी, दुखापतीत काय, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या.

हे सगळं वाचून अजूनही मन होत असेल तर या रविवारी एक काम करा. सकाळी तलावाच्या काठावर वही घेऊन तासभर बसा. अनोळखी चार जण निवडा. त्यांना काही सांगायचं नाही, सुधारायचं नाही. प्रत्येकाचं डोकं कुठे आहे, किती हात मारल्यावर श्वास घेतो, पाय किती खाली आहेत, दमायला लागल्यावर आधी काय बिघडतं, एवढंच लिहा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच चौघं सापडतात का बघा, आणि दोन पानं शेजारी ठेवून वाचा.